बोडीत फेकलेल्या पुड्या

रोज सकाळी न्याहारी झाली की मी पांढऱ्या, बारक्या गोळ्या घेते. आधी तीन होत्या, आता अडीच आहेत. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, एक दिवसही चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरने मला पुन्हा पुन्हा बजावलंय. का, ते नवऱ्याला सांगायला मला दीड महिना लागला. गोळीची भीती त्यांना होती. मला भीती होती त्यांना सांगण्याची. कारण गोळीचं खरं सांगायचं तर त्यांच्या आईचं खरं सांगावं लागणार होतं.

दुखणं श्रावणात सुरू झालं. धानाचं रोवणं, म्हणजे भाताची लावणी, नुकतंच आटोपलं होतं. चिखलात वाकून मी काही रोवत नाही, आयुष्यभर शाळेत नोकरी केलेली बाई मी; बांधीत, भाताच्या खाचरात, रोवणाऱ्या बायांना धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चहा नेऊन देणं एवढंच माझं शेतकाम. तरी एका सकाळी उठायला गेले तर खांदे जागचे हलेनात. कूस बदलता येईना. मान, कंबर, मांड्या, सगळं रातोरात कुणी सिमेंट ओतून घट्ट केल्यासारखं. नवऱ्याने पाठीखाली हात घालून उठवलं. न्हाणीत तांब्या उचलला तो छातीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. पाणी पुढच्या पुढे सांडलं. डोकं कोरडंच राहिलं.

मग केसांची पाळी. आंबाडा बांधायला दोन्ही हात डोक्यामागे न्यावे लागतात, हे मला सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं. त्याआधी ते हात आपोआप जायचे. नवऱ्याने फणी घेतली. नांगर धरलेले हात ते, केस कमी विंचरले, जास्त उपटले. दोनचार दिवसांनी कंटाळून म्हणाले, "कापून टाकू का वं थोडे? सोपं जाईल." मी इतक्या जोरात ओरडले की ते फणी ठेवून बाहेर निघून गेले. एवढं ओरडण्यासारखं आपण काय बोललो, ते त्यांना कळलं नाही. मला कळलं होतं. ते पुढे येईलच.

या दुखण्याची एक खोड अशी की ते सकाळी जिवावर येतं आणि दुपारपर्यंत उतरतं. अकराबारा वाजले की माझं अंग सुटायचं. चारला मी अंगणात फिरायचे, भाजी निवडायचे. सकाळचं कण्हणं ज्यांनी ऐकलं नाही त्यांना दुपारची मी धडधाकट दिसायची. शेजारीण पारावर म्हणाली, "मास्तरीनबाई सकारी मरते अन् दुपारी जिती होते." बाया हसल्या. मलाही ते पोहोचवलं गेलं, गावात असलं काही वाया जात नाही. मला राग आला. पण त्याहून जास्त, ते वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. ऐकलेलं नव्हतंच. मी स्वतः ते बोलले होते, दुसऱ्या बाईबद्दल, जवळजवळ त्याच शब्दांत.

हाडांच्या डॉक्टरने फोटो काढून मानेचे मणके झिजले म्हणून सांगितलं आणि गळ्यात पट्टा अडकवला. या वयात कुणाचे मणके झिजलेले नसतात? दोन महिने मी तो पट्टा घालून बैलासारखी समोरच बघत राहिले. मोहाच्या बियांच्या तेलाने मालीश झाली. वजन सहा किलो उतरलं. शेवटी गोंदियाला एका तरुण डॉक्टरकडे गेलो. माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींएवढी असेल. तिने फोटो बाजूला ठेवले आणि म्हणाली, "आंटी, हात ऊपर करो." हात खांद्याच्या वर गेले नाहीत. "अब बिना पकडे कुर्सी से उठो." उठता आलं नाही. नवरा तेव्हा खाली गाडी लावायला जागा शोधत होते, रिक्षावाल्यांशी त्यांचा वाद चालला होता.

रक्त तपासलं. अंगातली सूज दाखवणारा ईएसआरचा आकडा शंभरच्या जवळ. तिने आजाराचं नाव सांगितलं, मी कागदावर लिहून घेतलं: पॉलिमायल्जिया रुमॅटिका. म्हाताऱ्या माणसांचाच आजार, पन्नाशीच्या आत होत नाही. शरीराची राखण करणारी यंत्रणाच बिथरते आणि खांद्याभोवती, कमरेभोवती सूज आणते. "इसकी दवा स्टेरॉइड है," ती म्हणाली. "डरना नहीं. लेकिन अपने मन से बंद भी नहीं करना. कभी नहीं. कम करना है तो मैं करूंगी, धीरे धीरे."

मग तिने तीन गोष्टी सांगितल्या. कानशिलं दुखायला लागली, घास चावताना जबडा दुखून थांबावं लागलं, किंवा डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही. मी विचारलं, कशासाठी? ती म्हणाली, या आजाराची एक बहीण आहे, ती डोक्याच्या रक्तवाहिन्यांत शिरते. "आंख चली जाती है आंटी, और गई तो वापस नहीं आती."

जबडा हा शब्द ऐकला आणि मला काहीतरी आठवल्यासारखं झालं. काय, ते त्या वेळी धरता आलं नाही. नवरा जिना चढून आले, त्यांच्या हाताला धरून मी उठले.

पहिल्या गोळ्या घेतल्या त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा मी कुशीवर होते. आपोआप कुशीवर वळले होते. उठून बसले. आरशासमोर जाऊन दोन्ही हात वर नेले, खाली आणले, पुन्हा वर नेले. केस धरले, पीळ दिला, आंबाडा बांधला, पिना खोचल्या. नवरा दारात उभे राहून बघत होते, त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "जादू झाली नं वं!"

मी मात्र पिन हातात धरून तशीच थिजले. कारण ही जादू मी आधी बघितली होती. याच घरात, याच आरशासमोर.

आता सासूबाईंचं सांगते.

त्या तेव्हा सत्तरीच्या, मी बावन्न वर्षांची, शाळेत विज्ञान शिकवणारी. त्या उंच, काटक, बोलायला धारदार. विधवा झाल्यावरही शेताचा सगळा कारभार त्यांनीच बघितला. बोडीचं, म्हणजे घरामागच्या छोट्या तळ्याचं, पाणी कुठल्या बांधीत आधी सोडायचं, हे त्या धुऱ्यावर उभ्या राहून ठरवायच्या. या घराण्याच्या पूर्वजांनी गावचा तलाव बांधला, घरामागची ही बोडीही खणली, त्याचा त्यांना माज होता. मलाही माझ्या शिक्षणाचा होता. दोघींचं फार जमलं असं नाही, पण भांडणही पेटलं नाही.

एका वर्षी त्या सकाळी उठेनाशा झाल्या. हात वर जाईनात. दुपारी मात्र अंगणात. मी नवऱ्याला म्हणाले, "माय सकाळी आजारी असतात, आणि माझी शाळेची वेळ टळली की बऱ्या होतात." हे मी म्हटलं. मी. नवरा हसले, कारण मी हसत म्हटलं होतं.

त्यांचे केस विंचरायचं काम माझ्याकडे आलं. कमरेपर्यंत केस, पांढरे, दाट. साडेनऊची गाडी पकडून मला शाळेला जायचं असे, डबा व्हायचा असे, आणि त्या ओसरीत बसून वाट बघत. फणी लागली की कण्हत. एका रविवारी मी कात्री घेतली आणि मानेपाशी सगळे कापून टाकले. म्हटलं, तुम्हालाही त्रास नाही, मलाही नाही.  त्या दिवसापासून मरेपर्यंत चारचौघांत त्यांचा पदर डोक्यावरून खाली आला नाही, भर वैशाखातसुद्धा.

मग त्यांना पुडी सापडली. कोहमाऱ्याच्या चौकात, ट्रकवाल्यांच्या ढाब्यांपलीकडे, एक माणूस मोटरसायकलवर पत्र्याची पेटी बांधून उभा राहायचा. वाताची पुडी विकायचा. वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली करडी भुकटी, ओव्याच्या वासाची. कुणीतरी त्यांना आणून दिली. दोन दिवसांत त्या उठल्या. आरशासमोर उभ्या राहून उरलेल्या मानेपर्यंतच्या केसांवरून त्यांनी दोन्ही हातांनी फणी फिरवली आणि मला हाक मारली, "पाह्य वं मास्तरीन, हात वर गेला!" त्या दिवशी डोक्यावर घागर घेऊन त्या विहिरीवरून आल्या. दीडदोन वर्षं पुडी चालली. चेहरा गोल झाला, दंडावर निळे डाग दिसायला लागले. पण त्या चालत होत्या, धुऱ्यावर उभ्या राहत होत्या, सुनेला टोमणे मारत होत्या.

मी वाचलेली बाई. पेपरात एक लेख आला होता, की अशा गावठी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने हाडं पोकळ होतात, साखर वाढते, किडन्या जातात. सगळं खरं होतं. आजही खरं आहे, तो पुडीवाला लोकांच्या जिवाशीच खेळत होता. मी आठवीच्या वर्गात फळ्यावर "भोंदूगिरी" असा शब्द लिहून त्या पुडीचं उदाहरण दिलं होतं. आणि घरात माझीच सासू ती खाते, याची मला वर्गात उभं राहून लाज वाटली. लाज वाटली, हेच खरं कारण. त्यांच्या किडन्यांची काळजी मला नंतर सुचली.

शाळेतून आले, त्यांच्या पानाच्या डब्याखालच्या सगळ्या पुड्या काढल्या, ओंजळीत घेतल्या आणि घरामागच्या बोडीवर गेले. त्या मागे मागे येत होत्या. "नोको वं बाई, नोको फेकू." मी एकेक पुडी उघडून पाण्यात सोडली. कागद तरंगत राहिले. मी म्हणाले, "माय, तुमच्या भल्यासाठीच करते." नवऱ्याने संध्याकाळी कोहमाऱ्याला जाऊन त्या माणसाला दम भरला की पुन्हा आमच्या घरी पुडी आली तर पोलिसांत देईन. घरी येऊन आईला म्हणाले, "ते शिकेल बाई हाये, माय. तिले समजते."

पुढचं पटापट झालं. आधी अंगातलं त्राण गेलं, उलट्या झाल्या. आम्ही म्हटलं, विष बाहेर पडतंय. मग खांदे पुन्हा जखडले. मग डोकं दुखायला लागलं, कानशिलावर, उशी लागली तरी कळ. मग जेवण. दोन घास चावायच्या, थांबायच्या, गाल धरून बसायच्या, पुन्हा दोन घास. ताट अर्धं टाकून उठायच्या. मला वाटलं, पुडीचा सूड माझ्या भातावर काढतात. मी म्हटलंसुद्धा, "एवढा वाईट शिजवते का मी?" त्या म्हणाल्या, "नाई वं, जबडा थकते." जबडा थकतो! मी शेजारणीला सांगून हसले. दुसऱ्या दिवसापासून रागाने त्यांना नुसती पेज वाढली.

त्या दिवसांत त्यांनी मला विनवलं. मी पेपर तपासत बसले होते. खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एक पुडी आनून दे वं बाई. एकच. कोनाले नाई सांगत." या बाईने आयुष्यात माझ्यापुढे कधी मान तुकवली नव्हती. मी लाल पेन खाली न ठेवता नाही म्हणाले.

पंधरवड्याने उजवा डोळा गेला. सकाळी उठल्या आणि म्हणाल्या, अर्ध्यात पडदा आहे. आम्ही मोतीबिंदू समजलो, शिबिराची तारीख बघू म्हटलं. आठवड्याच्या आत डावा गेला. तेव्हा नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरने सांगितलं, डोळ्याची नस सुकली, उशीर झाला. जबड्याबद्दल त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, कारण माझ्या लेखी ते भाताचं भांडण होतं.

घरी आल्यावर एकदा, मी त्यांना भरवत असताना, त्या शांतपणे म्हणाल्या, "पुडी होती तवा दिसत होतं. पुडी गेली अन् डोरे गेले." मी घास हातात धरून त्यांना समजावलं, की एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही. पुडीचा आणि डोळ्यांचा काही संबंध नाही. हेच मी आठवीला शिकवायचे, उदाहरणांसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि तोंड उघडलं. मी घास दिला.

त्या तशा चार वर्षं जगल्या. नवऱ्याने ओसरीच्या खांबापासून मागच्या संडासापर्यंत नायलॉनचा दोर बांधला. त्याला धरून त्या जायच्या यायच्या. त्या गेल्यावर दोर कुणी सोडला नाही. आता त्यावर मी कपडे वाळत घालते.

हे सगळं मला त्या दुसऱ्या सकाळी आरशासमोर आठवलं. पुढच्या तपासणीला गेले तेव्हा मी डॉक्टरला विचारलं, पण खोटं बोलून. म्हटलं, शेजारची एक म्हातारी होती. पुडीने बरी झाली, पुडी एकदम सुटली, मग कानशील, जबडा, डोळे. तिने पेन खाली ठेवलं. म्हणाली, इतक्या वर्षांनी, न तपासता, काहीच खात्रीने सांगता येणार नाही. "लेकिन सुनने में वही लगता है." मी म्हटलं, पुडी तर वाईटच होती ना? ती म्हणाली, वाईटच. कुणी किती मिसळलंय, कशात मिसळलंय, काही हिशेब नाही. पण ती पुडी घेऊन डॉक्टरकडे यायला हवं होतं. "एकदम बंद किसने कराया?" तिने विचारलं. मी म्हटलं, सुनेने. "पढीलिखी नहीं होगी," ती म्हणाली आणि पुढचं लिहायला लागली.

इकडे घरी वेगळाच प्रकार चालू झाला. औषधाच्या दुकानदाराकडून नवऱ्याला कळलं की ही गोळी म्हणजे स्टेरॉइड. त्यांच्या चेहऱ्यावरची जादू उडाली. "हे तर तेच हाये नं? मायच्या पुडीतलं?" मी म्हटलं, नाही, हे वेगळं. हे मोजून दिलेलं. मी बोलले ते अर्धंच खरं होतं. गोळीने मला भूक लागायची, झोप उडायची, आणि राग तर आधीच होता, त्याला आणखी पाय फुटले. गाल भरले तसे ते घाबरले. रोज न्याहारीला तोच प्रश्न, "अजून काऊन घेऊन राहिली? बरी झाली नं आता?" मी सांगायचे, डॉक्टरने सांगितलंय. ते म्हणायचे, "डॉक्टर सांगते. तू काय सांगत होती ते याद कर. हाडं पोकर होतेत, किडन्या जातेत. तूच सांगतली होती."

मीच सांगितलं होतं. चौदा वर्षांपूर्वीचं माझं एकेक वाक्य त्यांना पाठ होतं. तीस वर्षं शिकवलं, शेकडो पोरं हाताखालून गेली, पण धडा असा घोटून पाठ केलेला विद्यार्थी मला हा एकच मिळाला.

सांगून टाकावं असं रोज वाटायचं. पण काय सांगणार? तुमच्या आईचे डोळे मी बोडीत फेकले, असं? त्या माणसाने चार वर्षं आईला उचलून न्हाऊ घातलं होतं. शेवटपर्यंत एकदाही माझ्यावर बोट ठेवलं नव्हतं, उलट लोकांना सांगितलं होतं की आमच्या मास्तरणीने पुडी सोडवली म्हणून माय एवढी तरी जगली. ही कीर्ती मी इतकी वर्षं आनंदाने मिरवली. ती सोडवेना, हेही तितकंच खरं आहे.

धानाची कापणी सुरू झाली होती. त्या दिवशी सकाळी पोहे खाऊन मी फडताळात हात घातला तर गोळ्यांचं पाकीट नाही. डबे हलवले, उशाखाली बघितलं. नवरा ओसरीत विळ्यांना धार लावत बसले होते. मी विचारलं. वर न बघता म्हणाले, "फेकलो."

"कुठे?"

"बोडीत."

मी खांबाला धरून उभी राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि फार मायेने म्हणाले, "तुया भल्यासाठीच फेकलो वं. रागावू नोको."

त्यांनी हे सुडाने म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. सूड नव्हता. माझ्याकडून शिकलेली गोष्ट त्यांनी माझ्यासाठी केली होती.

मी खाली बसले आणि सांगितलं. उभ्याने सांगता आलं नसतं. आजाराचं नाव सांगितलं, त्याच्या बहिणीचं सांगितलं, कानशील, जबडा, पडदा, या क्रमाने. पुडीत काय होतं आणि ते एकदम बंद झाल्यावर काय झालं असावं, ते सांगितलं. डॉक्टर खात्रीने सांगत नाही, हेही सांगितलं. आणि तेवढं सांगताना मला स्वतःची शिसारी आली, कारण ते मी माझ्या बचावासाठी म्हणत होते. पेजेचं सांगितलं. मी शेजारणीला सांगून हसले ते सांगितलं. ते एका हातात विळा आणि एका हातात दगड घेऊन ऐकत होते. धार लावायची थांबली होती.

मग त्यांनी विचारलं, "तिले माहीत होतं का?"

"काय?"

"पुडीनं डोरे टिकून होते म्हनून."

इथे मला खोटं बोलता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर त्यांना हलकं वाटलं असतं, मलाही. मी म्हटलं, "हो जी. मला म्हणाल्या होत्या. पुडी गेली अन् डोरे गेले. मीच सांगितलं, संबंध नाही."

त्यांनी विळा खाली ठेवला. दगड धुऊन कोनाड्यात ठेवला. कापणीच्या बाया बांधीत वाट बघत होत्या, त्यांच्याकडे न जाता त्यांनी मोटरसायकल काढली आणि गेले.  मी ओसरीत बसून राहिले. समोर दोरावर माझी दोन लुगडी आणि त्यांचा बंडी-पायजमा वाळत होता. मला वाटलं, हा माणूस आता परत आला तरी माझ्याशी बोलणार नाही, आणि न बोलण्याचा त्याला हक्क आहे. गोळी चुकली तर काय होईल, याची भीती त्या वेळी वाटलीच नाही. उलट, चुकली तर बरं, असं एकदा मनात येऊन गेलं. लाजिरवाणं आहे, पण आलं.

बारा वाजून गेल्यावर गाडी आली. त्यांनी खिशातून नवं पाकीट काढलं, कोहमाऱ्याला मिळालं नाही म्हणून पुढे सडक अर्जुनीला जाऊन आणलेलं. तांब्याभर पाणी आणलं. दोन गोळ्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या, तिसरी नखाने मधोमध मोडली. अर्धी माझ्या हातावर ठेवली, अर्धी कागदात गुंडाळून उद्यासाठी फडताळात ठेवली. म्हणाले, "घे."

मी गिळल्या. ते विळा उचलून मागच्या दाराकडे गेले. उंबऱ्यावर थांबले. पाठ माझ्याकडेच होती.

"माय मलेबी पुडी मांगत होती," ते म्हणाले. "डोरे होते तवाबी, अन् गेल्यावरबी. मी बांधीत जायले निंघालो का दोर धरून मांगं मांगं ये. दोर संपे तथपर्यंत. पुडी दे रे बाबू म्हने. मी म्हनो, मले नाई समजत माय. मास्तरीनले विचार."

एवढं बोलून ते बांधीकडे निघून गेले.

सासूबाईंनी मला विचारलं होतं.